डोंगरावर नाव घेत नाहीत

लाटंबार्सेला आमच्या माहेरच्या घरामागे काजूचा डोंगर आहे. त्या डोंगरावर माणसाला नावानं हाक मारत नाहीत. लग्न होऊन सर्वणला गेले तेव्हा मी हे सासरी सांगितलं, तर सगळे पोट धरून हसले. "मग काय शिट्टी मारता?" नवऱ्यानं विचारलं. शिट्टी नाही, कुकारो. तोंडापाशी दोन्ही तळवे धरून घातलेली 'कूऽऽ' अशी हाक. प्रत्येक घराचा कुकारो वेगळा. आमचा दोन आखूड आणि एक लांब, शेवटी जरा वर चढणारा. काजूच्या दिवसांत बोंडं गोळा करताना आई डोंगराच्या या अंगाला असायची, आम्ही भावंडं त्या अंगाला. जेवायची वेळ झाली की ती कुकारो घाली आणि आम्ही तसाच परत देत असू. चुकून कुणी नाव घेतलं तर बाबा तिथल्या तिथं पाठीत धपाटा घालत. एरवी त्यांनी मुलांवर कधी हात उगारला नाही.

म्हणून इथंही मी कुणाचं नाव लिहिणार नाही. सवय म्हणा, भीती म्हणा.

हे सगळं सत्तरी तालुक्यात सव्वाशे वर्षांपूर्वी झालेल्या बंडापासूनचं. पुस्तकात ते पाऊण पानात आटोपतं. बाबांच्या तोंडून ऐकायला मात्र एक अख्खी दुपार लागायची, आणि मध्ये चहा. पणजीतल्या मराठा शिपायांना पोर्तुगीज सरकारनं हुकूम सोडला की आफ्रिकेत लढायला जा. शिपाई म्हणाले, बायकापोरं टाकून आम्ही दर्यापार जाणार नाही. ते बंदुकांसकट सत्तरीत शिरले, तिथले इनामदार त्यांना मिळाले, आणि त्यांनी नाणूसचा जुना किल्ला धरला. हा किल्ला म्हणजे काही फार मोठा नव्हे. पण त्याच्या आधीच्या बंडातही तोच धरला होता, तेव्हा तो हातात आला की राज्य आपलं, असं लोकांना वाटे. बाबा किल्ल्याची लढाई सांगताना सोप्यावरची खुर्ची आडवी करून तिच्यामागं बसायचे. मग ठाण्यांवरचे हल्ले, नदीच्या उतारावर अडवलेली पलटण, आणि शेवटी खुद्द पोर्तुगालच्या राजाचा भाऊ आगबोटीतून फौज घेऊन उतरला तो प्रसंग. इथवर आम्हाला मजा वाटायची.

त्यापुढं मी कान झाकून घेत असे. कारण त्यापुढं गोष्ट आमच्या डोंगरावर यायची.

बंड मोडत आलं तेव्हा पांगलेले काही जण या डोंगरात लपले. त्यात बाबांच्या आजोबांचा थोरला भाऊ होता. बाबांचे हे आजोबा, तेव्हा ऐन विशीतले, काजूची बोंडं आणायला चाललो असं दाखवून टोपलीत तळाला पेज ठेवून वर न्यायचे. पाखल्यांना, म्हणजे गोऱ्या शिपायांना, डोंगर काही हाती लागेना. करवंदीच्या जाळ्यांत शिरायची त्यांची तयारी नव्हती. मग त्यांनी गावातलाच एक माणूस फोडला. त्याला पायथ्याशी उभा केला आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारायला लावली, घरची माणसं मारतात तशी. ओळखीचा आवाज, आपलं नाव. उपाशी, झोपेला आलेला तो भाऊ नकळत बोलून गेला, "ओ."

बाबा तो 'ओ' अगदी हळू म्हणायचे. माझ्या अंगावर काटा यायचा, अजून येतो. त्याला धरून दूर दर्यापार तिमोर बेटावर हद्दपार केलं. पुढं माफी जाहीर झाली, काही जण परत आले, तो आला नाही. तेव्हापासून आमच्या डोंगरावर नाव घेत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवलो की नाही, मग आई वारली हे. दर वेळी नव्यानं सांगावं लागायचं आणि दर वेळी ते नव्यानं रडायचे, म्हणून वहिनीनं सांगणंच बंद केलं. "ती सर्वणला गेलीय लेकीकडे," म्हणायची. मी समोर बसलेली असले तरी.

मग भीती आली. सकाळी पोदेर सायकलचा भोंपू वाजवत पाव घेऊन आला की ते दचकून आत जायचे. जवळच्या औद्योगिक वसाहतीतले सुरक्षा रक्षक पाळी संपवून आमच्या दारावरून जातात, निळा गणवेश, कमरेला पट्टा. त्यांना पाहिलं की बाबा वहिनीला खिडकी लावायला खुणावायचे, "पाखले आयले. जनेल धांप." आधी आम्ही हसलो. दादा तर फोनवर मला नक्कल करून दाखवायचा. पण एकदा मी गेले असताना त्यांनी माझा हात धरला, त्यांचा तळवा थंड आणि ओला होता, आणि तेव्हापासून मला हसू आलं नाही. आपण ज्या भीतीची गोष्ट ऐकली, ती या माणसाच्या अंगात आता खरी घडत होती. तिमोरची आगबोट त्यांच्यासाठी कुठंतरी धक्क्याला लागलेली होती.

एप्रिलमध्ये एके सकाळी दादाचा फोन आला. "बाबा तुजेकडे आयले काय गे?" इतका मूर्ख प्रश्न ऐकून मी आधी चिडलेच. लाटंबार्सेहून सर्वणला ते चालत येणार होते का? मग लक्षात आलं की विचारायला दुसरं काही उरलं नाही म्हणून तो हे विचारतोय. तशीच स्कूटर काढली.

चपला सोप्यावर होत्या. वहिनी कपडे वाळत घालायला मागं गेली तेवढ्यात ते निघाले होते. गावात नव्हते, देवळात नव्हते, रस्त्यावर कुणी पाहिले नव्हते. म्हणजे डोंगर. डोंगराला आता पूर्वीचं रूप नाही. पलीकडच्या उतारावर चिऱ्यांच्या खाणी आहेत, चिरे काढून झाल्यावर तशाच टाकलेल्या. कडा सरळ कापलेला आणि खाली हिरवं पाणी, वर ना कुंपण ना फळी. गुरं पडतात त्यात. माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. बाबांना पोहता येत होतं हे आठवलं आणि लगेच वाटलं, ते तरी त्यांना आठवेल का?

लोक जमले, आणि काय जमले! आमच्या मागच्या खोल्यांत बेळगावकडचे कामगार भाड्यानं राहतात. रात्रपाळी करून आलेले, न झोपता तसेच धावले. वसाहतीतले रक्षक आले, पोलिसांची जीप आली, तिच्यावर कर्णा. कोणाला दोष देऊ? सगळे मनापासून शोधत होते. पोलीस शिट्ट्या फुंकत ओळीनं वर चढले, आणि खाली गावातल्याच एकानं कर्ण्यावरून बाबांचं नाव घ्यायला सुरुवात केली, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. कामगार ओरडत होते, दादा ओरडत होता, घसा फुटेस्तोवर मीही ओरडत होते. एवढ्या वर्षांत त्या डोंगरानं इतक्यांदा एक नाव ऐकलं नसेल.

उत्तर नाही.

ऊन चढलं. पिकलेल्या बोंडांचा आंबूस वास सगळीकडे भरला होता. एरवी मला तो आवडतो. त्या दिवशी नकोसा झाला. गावातला एक म्हातारा मला ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणाला, "आसतो जाल्यार ओ दितो न्ही?" असता तर 'ओ' दिली नसती का? त्याचा गळा धरावा असं वाटलं. दोघंजण दोर आणायला गेले, आणि दोर कशाला ते मला कुणी सांगितलं नाही. मी खाणीच्या काठावर जाऊन वाकून पाहिलं. पाण्यावर एक पांढरं काहीतरी होतं. मी इतकी घाबरले की डोळेच मिटले. दादानं दगड मारून पाहिला, सिमेंटची रिकामी पिशवी निघाली. तो तिथंच मटकन खाली बसला.

मागच्या खोलीतला एक कामगार माझ्यासाठी पाणी घेऊन आला. बाबा त्याला रोज विडी मागायचे. तो म्हणाला, "ताई, आजोबांस्नी घरात काय म्हणून हाक मारतासा? पूर्ण नाव ध्यानात नसंल त्यांच्या."

"घरात बाबाच," मी म्हटलं. "आणि डोंगरावर तर आम्ही नावच..."

मी वळून पाहिलं. खाली गणवेश, शिट्ट्या, ओळीनं चढणारी माणसं. आणि गावातलाच एक पायथ्याशी उभा राहून नाव घेतोय. आम्ही सगळ्यांनी मिळून बाबांना बंडातला तो प्रसंग जसाच्या तसा मांडून दिला होता. ते जिवंत असतील तर ओ देणारच नव्हते.

मी धावत खाली गेले आणि फौजदाराला म्हटलं, कर्णा बंद करा, तुमची माणसं खाली बोलवा, टोप्या काढायला लावा. त्यानं माझ्याकडे ऊन लागलेल्या बाईकडे बघावं तसं पाहिलं. "बाय, आवाज दिल्याबगर सोदपाचें कशें?" हाक न मारता शोधायचं कसं? बिचाऱ्याचं काय चुकलं? मी त्याला सव्वाशे वर्षांपूर्वीचं बंड समजावत होते, तेही मध्येच हुंदके देत. शेवटी दादा आला. त्याला एका शब्दात कळलं. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि त्यानं स्वतःच कर्ण्याची वायर उपटली.

माणसं खाली आली. डोंगर गप्प झाला. मी एकटीच वर गेले, पण कुकारो घालायला तोंड उघडलं तर नुसती हवा. घसा ओरडून गेलेला, आणि मी कितीतरी वर्षांत कुकारो घातलाही नव्हता. थुंकी गिळली, पुन्हा घातला. दोन आखूड, एक लांब. फाटका, बेसूर. काही नाही. आणखी वर, जुन्या झऱ्याच्या अंगाला गेले. पुन्हा घातला. मनात म्हणत होते, बाबा, मी घरची आहे, मी पेज घेऊन आलेय.

आणि डाव्या हाताच्या करवंदीतून, इतक्या जवळून की मी किंचाळलेच, हलका, धाप लागलेला आवाज आला. दोन आखूड. लांब हाक त्यांना पुरी करता आली नाही.

पोलीस त्या जाळीला लागून दोनदा गेले होते. बाबा पालथे पडून आत सरपटत गेलेले. हातापायांवर काट्यांचे ओरखडे, ओठ सुकून पांढरे, आणि एक तळवा स्वतःच्याच तोंडावर पुन्हा घट्ट दाबलेला. तो काढायला मला जोर लावावा लागला.

"गेले मगे?" त्यांनी विचारलं.

"गेले, बाबा."

"सगळे म्हजें नांव घेताले. हांवें ओ दिलो ना." आणि ते हसले. इतक्या दिवसांत पाहिलं नव्हतं असं हसले, जिंकल्यासारखे. मग हसू विरलं आणि त्यांनी माझा दंड पकडला. "पूण तांकां नांव सांगलें कोणें?"

मी त्यांच्या अंगातले काटे काढत राहिले.

नंतर डिचोलीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी प्रेमानं विचारलं, "आजोबा, तुमचं नाव काय?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाकडे, आणि ओठ मिटून घेतले. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन म्हणाले, या टप्प्यावर स्वतःचं नावही जातं, मनाची तयारी ठेवा. दादा तिथंच बाकावर रडला. मला रडू आलं नाही. मला कळेना की नाव गेलंय की त्यांनी लपवलंय, आणि अजूनही कळत नाही. घरात नावानं हाक मारली की ते भिंतीकडे वळतात. वहिनी आता जेवायला बोलवताना स्वयंपाकघरातून कुकारो घालते, शेजारी हसतात.

परवा दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, फक्त मला सांगा. तुमचं नाव काय? मी कुणाला सांगणार नाही."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग सावधपणे विचारलं, "तूं खंयच्या घरची?" कुठल्या घरची, मी?

मग मी हळूच कुकारो घातला. दोन आखूड, एक लांब. त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दाराकडे एकदा पाहून कुजबुजले, "मागीर सांगूं नाका. म्हजेंय नाका, तुजेंय नाका." मग सांगू नकोस; माझंही नको, तुझंही नको.

त्यानंतर त्यांनी मला नावानं हाक मारलेली नाही. माझं नाव त्यांना आठवतं का, हे मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटते.