परवाना माझ्या नावावर

कंपनीला टाळं लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही आमचे हे नेहमीच्या वेळेला उठले, दाढी केली, निळा शर्ट घातला आणि पैठण रोडवर जाऊन उभे राहिले. कंपनीची बस येणार नाही हे त्यांना माहीत होतं. तासाभरानं परत आले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसले. पुढचे कित्येक महिने ते मला तसेच आठवतात, पाठमोरे.

आमचं गाव चितेगावच्या पुढं, रस्त्याला लागूनच. घर माझ्या वडलांनी घेऊन दिलेलं, म्हणून माझ्या नावावर. पुढच्या दोन खोल्यांत मी खानावळ चालवायची, तिचा परवानाही माझ्याच नावावर. कंपन्यांमधली बाहेरगावची पोरं जेवायला यायची, मला वहिनी म्हणायची. भाकरी थापायला शेजारीण यायची. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलो होतो. तिचा नवरा पिणारा होता. ते ती लपवायची नाही. परातीत पीठ मळता मळता आदल्या रात्रीचं सगळं सांगायची, आणि सांगून झालं की म्हणायची, "चल आक्का, तवा तापला." मला ती आक्का म्हणायची.

कंपनी बंद पडली तशी पोरंही एकेक करून गेली. कुणी वाळूजला, कुणी आपापल्या गावी. आम्ही दोघी उगाच दोनदा तवा पुसत बसायचो.

अशाच एका संध्याकाळी हे खाटेवरून म्हणाले, "परमिट रूम काढू."

मला आधी कळलंच नाही. "दारूचं दुकान?"

"दुकान नाय. बसून जेवायचं, प्यायचं. जेवण तुझंच राहील. रस्त्यानं दोघांनी काढल्यात, जाऊन बघ कशी गर्दी असती."

"तुम्ही तर थेंब घेत नाय."

"म्हणून तर नीट चालवीन."

मी नको म्हटलं आणि उठून आत गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीपाशी आरशासमोर हे उभे होते. गालाला साबण लावलेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून दाढी करत होते. मी दारात उभी राहून बघत राहिले. त्यानंतर मी नको म्हटलं नाही.

घर माझं, खानावळ माझी, म्हणून अर्जही माझ्याच नावानं करावा लागला. सहीसाठी दर वेळी मलाही जावं लागायचं. आम्ही काळी-पिवळी जीप पकडून औरंगाबादला जायचो. तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. कधी दारूबंदीचं ऑफिस, कधी कलेक्टर कचेरी. घरपट्टीची पावती आणा. अन्नाचं लायसन आणा. शाळा आणि देऊळ पुरेसं लांब आहे असा दाखला आणा. पोलिसांकडून आणा की तुमच्यावर कुठली केस नाही. एक कागद दिला की दुसरा मागायचे, दुसरा मिळेस्तोवर पहिल्याची मुदत संपायची. एका इंजिनिअरानं आमच्या घराचा नकाशा काढून दिला. खानावळीची पोरं ज्या खोलीत पंगतीला बसायची, तिथं त्यानं लिहिलं होतं, मद्यपान कक्ष. मी तो शब्द दोनदा वाचला. मग सही केली.

कलेक्टर कचेरीच्या आवारात लिंबाखाली एक बाक होता. साहेबांना वेळ नसायचा, आम्ही तिथं बसून राहायचो. दुपार झाली की मी डबा सोडायची. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एका वेळी कधी जेवलो नव्हतो. आधी सासू-सासरे, दीर, मग खानावळीची पोरं, मग हे, आणि सगळ्यांचं झाल्यावर मी. त्या बाकावर आम्ही एका डब्यात जेवलो. भरल्या वांग्यातलं मोठं वांगं ते माझ्याकडं सारायचे. बोलायचेही. मशीनवर एकदा बोट सापडता सापडता कसं वाचलं, लहानपणी आईनं त्यांना मामाकडं ठेवलं तेव्हा किती रडले, हे सगळं मला त्या बाकावर कळलं.

एकदा शिपाई बाहेर येऊन म्हणाला, "भाभी, साब दौरे पे गये. मंगलवार को आना."

हे चिडले. "गेल्या मंगळवारी बी हेच सांगितलं."

मी चिडल्यासारखं केलं. खरं तर मंगळवारी परत यायचं आहे म्हणून मला बरं वाटलं होतं. सकाळी निघताना डब्यात काय न्यायचं याचा विचार मी आदल्या दिवसापासूनच करायची. दारूचा परवाना मिळवायला चाललो आहोत हे मी त्या दिवसांत विसरूनच जायची.

शेवटी साहेब भेटले. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे असतील. कागद चाळत त्यांनी विचारलं, "बाई, धंदा खरंच तुम्ही चालवणार, का नुसतं नाव तुमचं?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते. मी म्हणाले, "मीच चालवणार. खानावळ मीच चालवती, साहेब."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "लई चांगलं बोललीस." आणि गुलमंडीवर नेऊन मला बर्फ घातलेला उसाचा रस पाजला. एक पिऊन झाला तर दुसरा घे म्हणाले.

पोलिसांची चौकशी गावात झाली. जमादार आला आणि शेजारणीच्या दारात उभा राहून विचारू लागला, ही माणसं कशी आहेत. ती हात पिठाचे घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "त्या दोघांसारखी माणसं गावात नाहीत. लिहून घ्या." त्यानं लिहून घेतलं. तो गेल्यावर ती माझ्याकडं आली.

"आक्का, कशाची चौकशी चाललीय?"

मी तिला सांगितलं नव्हतं. इतके महिने रोज समोरासमोर बसून भाकरी थापल्या, पण ते मला सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. तिनं रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले.

"माझ्या तोंडून चांगलं वदवून घेतलंस," म्हणाली आणि गेली.

गावाचा ठराव लागायचा होता. ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. एरवी तिथं बायका यायच्या नाहीत. त्या दिवशी बऱ्याच आल्या, शेजारीण सगळ्यांच्या पुढं. सरपंचांनी बोला म्हटल्यावर ती उभी राहिली. पदर नीट केला.

"माझा माणूस प्यायला दोन कोस लांब जातो," ती म्हणाली. "जाऊन-येऊन थकतो, म्हणून आठवड्यात एखादा दिस घरी शुद्धीत असतो. त्या दिवशी तो लेकीशी बोलतो. दुकान दाराशी आलं तर तो दिस बी जाईल. मला आणखी काय बोलायचं नाय."

सरपंच माझ्याकडं वळले. "अर्ज तुमचा आहे. तुमचं काय म्हणणं?"

मी उठले. नको, राहू द्या, असं म्हणायचं माझ्या ओठांवर होतं. पलीकडं माणसांत हे बसले होते. तोच निळा शर्ट, इस्त्री केलेला. माझ्याकडं बघत होते.

"खानावळ चालंना म्हणून," एवढंच मी म्हणाले आणि खाली बसले.

हात वर झाले. माणसांचे जास्त होते. ठराव पास झाला. दुसऱ्या दिवसापासून शेजारीण भाकरी थापायला आली नाही.

परवाना आला तेव्हा ह्यांनी त्याला चौकट करून आणली. आत शिरल्याबरोबर दिसेल असा लावायचा नियम होता. वरती सरकारचा शिक्का, खाली मोठ्या अक्षरांत माझं नाव. हे स्टुलावर चढून खिळा ठोकत होते आणि हसत होते. मला ते हसणं आवडलं, आणि परवान्याकडं बघवेना.

जेवण तुझंच राहील असं ते म्हणाले होते, आणि फळ्यावर त्यांनी ते लिहिलंही होतं. पण भाकरी कुणी मागेना. शेंगदाणे, उकडलेली अंडी, तळलेले पापड, एवढंच जायचं. कुणी कधी वरण मागवलं तर वाटी तशीच परत यायची, आत विडीचं थोटूक विझवलेलं. माझी परात आणि मोठा तवा मागच्या पडवीत गेला. वहिनी म्हणणारं कुणी उरलं नाही. मी आतच असायची.

हे मात्र खूश होते. उधारी नाही, शिवीगाळ नाही, वेळेत बंद. सकाळी स्वतः फरशी पुसायचे.

शेजारणीचा नवरा पहिल्याच आठवड्यात आला. मी ह्यांना म्हटलं, "त्यांना देऊ नका."

"गिऱ्हाइकाला नाय कसं म्हणू? इथं नाय दिली तर तिकडं जाईल."

एका संध्याकाळी तो आमच्या पायरीवरून गटारीत पडला. मी धावत बाहेर आले. तेवढ्यात शेजारीण तिच्या दारातून आली. तिनं त्याच्या एका काखेत हात घातला. मी दुसऱ्या बाजूनं धरायला गेले.

"हात लावू नको," ती म्हणाली. आवाज चढवलाही नाही. एकटीनंच त्याला उचलला आणि ओढत नेला. मी दारात तशीच उभी राहिले, हात पुढं केलेले.

त्यानंतर बायकांनी सह्या जमवल्या. कायद्यानं गावातल्या बायकांचं मतदान घेता येतं, दारू राहू द्यायची की बंद करायची. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. आडवीला निम्म्याहून जास्त बायकांची मतं पडली की बंद. शाळेत मतदान ठेवलं. यादीत माझंही नाव होतं, मीही गावचीच बाई. हे सकाळी काही बोलले नाहीत. माझं मत कुणाला हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

रांगेत माझ्या पुढच्या-मागच्या बाया माझ्याशी बोलल्या नाहीत. पुठ्ठ्याच्या आडोशाला मी शिक्का हातात घेऊन उभी होते. मला ह्यांचा साबण लावलेला गाल दिसत होता. मला तिचं हात लावू नको ऐकू येत होतं. बाहेरून मास्तर म्हणाले, "आटपा बाई." मी आडव्या बाटलीवर शिक्का मारला.

संध्याकाळी निकाल लागला. बाटली आडवी झाली, आणि काठावर नाही, चांगल्या मतांनी. माझं मत नसतं तरी झालीच असती. घरी आले तर हे रिकाम्या टेबलाशी बसले होते.

"सगळ्या बायका उलटल्या," ते म्हणाले. "तुझं एकलीचं काय चालणार."

गप्प बसता आलं असतं. मी म्हणाले, "मी बी आडवीवरच मारला."

त्यांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "मग साहेबानं विचारलं तवा का नाय सांगितलंस? ग्रामसभेत का नाय सांगितलंस? तू नको म्हणली असतीस तर मी तिथंच अर्ज फाडला असता."

खरंच फाडला असता. मला ते माहीत होतं.

"तुम्ही खाटेवरनं उठला होता," मी म्हणाले. "म्हणून नको म्हणले नाय."

ते ऐकून ते रडतील असं मला वाटलं. रडले नाहीत. उठून आत गेले आणि दिवा न लावता बसले.

पुढच्या महिन्यात त्यांच्या मावसभावाच्या ओळखीनं सिल्लोडला कापसाच्या जिनिंगवर काम मिळालं, वजनकाट्यावर. राहायलाही खोली होती. तिथं बाईमाणसाची सोय नाय म्हणाले. सुरुवातीला पंधरा दिवसांनी यायचे, मग सणाला, मग सणालाही नाही.

शेजारणीचा नवरा पुन्हा दोन कोस लांब जाऊ लागला होता. एकदा तिकडून येताना रस्त्यात गाडीखाली गेला. मी दुखवट्याला बसायला गेले, तिनं मला बसू दिलं. मग बऱ्याच दिवसांनी पिठाच्या गिरणीत आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी म्हटलं, "तुला एक सांगते. त्या दिवशी मी आडवीलाच मत दिलं होतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "खोटं कशाला बोलतीस आक्का. परवाना तुझ्या नावावर, अन् तू बंद करशील व्हय? जाऊ दे. आता दोघींचं बी व्हायचं ते झालं." पिठाचा डबा उचलून ती गेली. मी पुन्हा कधी सांगितलं नाही.

सिल्लोडला मी एकदाच गेले. न कळवता, सकाळच्या एसटीनं, डबा घेऊन. जिनिंगच्या आवारात सगळीकडं कापूस उडत होता, ह्यांच्या केसांतही होता. वजनकाट्याच्या खोलीत ते एकटेच होते. मला बघून उभे राहिले. खुर्ची पुढं ओढली.

"बसा," म्हणाले.

मी मागं वळून पाहिलं, की कुणी आलंय का. मागं कुणी नव्हतं. लग्नापासून त्यांनी मला तूच म्हटलं होतं, रागात तू, प्रेमात तू. आता एखाद्या पाहुणीला म्हणावं तसं ते मला बसा म्हणाले होते. पाणी दिलं. प्रवास कसा झाला विचारलं. डबा ठेवून घेतला, नंतर जेवतो म्हणाले. बाहेर कापसाची गाडी काट्यावर येऊन उभी होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. "तुमची परतीची गाडी दोनला आहे," ते म्हणाले, आणि वजन बघायला गेले.

मी दोनच्या गाडीनं आले.