आबा फोनवर का येत नाहीत

मुलांनो, आबांची तब्येत बरी आहे, हे आधी सांगते. ते गेले काही रविवार तुमच्याशी बोलले नाहीत, त्याचं कारण क्रमानं लिहिते.

मोठीची कथा त्या इंटरनेटवरच्या इंग्रजी मासिकात आली तेव्हा मी आधी सगळा अंक वाचला. पुढच्या काळातल्या, अजून न घडलेल्या जगांच्या कथा, मग कविता, शेवटी पुस्तकांची परीक्षणं. निम्म्या कविता मला कळल्या नाहीत. मोठीची कथा मात्र कळली.

आबांचं इंग्रजी कचेरीतल्या कागदांपुरतं. म्हणून लग्नापासून आमची रीत अशी, की दुपारच्या चहाला मी डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडानं मराठीत सांगायचं. नातीचं छापून आलं म्हणून त्या दिवशी आबांनी पेढे आणले आणि शेजारच्या काकूंनाही बोलावलं.

कथेत आपलं यवतमाळ पाण्यावाचून ओस पडलं आहे. दूरदेशी दोन भावंडांकडे एक डबी आहे. मेलेल्या आजोबांच्या जुन्या फोनवरच्या बोलण्यातून त्यांचा आवाज तीत भरला आहे. बटण दाबलं की आजोबा बोलतात.

इंग्रजीत तो म्हातारा कुठल्याही म्हाताऱ्यासारखा बोलतो. पण माझ्या कानात म्हातारा माणूस एकच. त्यामुळे डबी माझ्या तोंडून बोलली ती अशी: "जेवले का बाप्पा? काय जेवले? ब्रेड? ते का जेवण होय?"

काकू खो खो हसल्या. "हे तं आपले आबाच हायेत वो!" मग आजोबा मेल्याचं त्यांच्या लक्षात आलं. "काहून वो बाई, जित्या माणसाले मारून ठेवलं पोरीनं?"

"मरू द्या ना," आबा म्हणाले. "पेढे तं माह्याच हातचे खाल्ले तुमी."

काकू गेल्यावर त्यांनी विचारलं, "आपण फोनवर बोलतो, ते साठते काय कुठं?"

साठवता येतं, मी म्हटलं. खोटं कशाला सांगू?

"मंग झालं ना. मी तेच ते तं बोलतो. जेवले का, थंडी हाय का, कधी येता. पुरते पोराइले तेवढं."

ही कल्पना आहे, मी म्हटलं, पोरीला तुमची आठवण येते म्हणून तिनं लिहिलं.

"आठवण येते म्हणूनच तं डबी केली त्याइनं. डबी असली का मंग यायचं काम नाही."

मी कपबशा उचलून आत नेल्या.

त्या रविवारी फोन वाजला तसे ते उठून आतल्या खोलीत गेले. तेव्हापासून दाराआड खाटेवर बसतात, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे. ऐकतात सगळं. परवा धाकटा खोकला तेव्हा हातानं खूण केली, औषध घेतलं का विचार. मी विचारलं. तुम्हांला वाटलं, आजीच विचारते आहे.

पुढच्या अंकात कुणीतरी या कथेबद्दल लिहिलं की तिच्यातला आजोबा फार जिवंत उतरला आहे. ते मी आबांना वाचून दाखवलं नाही.

मोठे, कथा चांगली आहे. ती काढून टाकू नकोस, माफीही मागू नकोस. मराठीत त्यांचे शब्द मी घातले, तू नाही. आणि त्यांना फोनवरून समजावायला जाऊ नका. फोनवर जे बोलाल ते त्यांना डबीतच पडल्यासारखं वाटेल. त्यासाठी समोर येऊन बसावं लागेल.

रजा मिळत नाही, नागपूरला उतरल्यावरही इथवर अर्धा दिवस जातो, सगळं मला ठाऊक आहे. तरी या. आल्यावर ते पहिल्यासारखे बोलतील, याची खात्री मात्र मी देऊ शकत नाही.