कंटेनर, इस्त्री आणि सनई

"कंटेनर कुठाय?"

गाडीतून उतरलो आणि बाळासाहेबांनी पहिला प्रश्न हाच केला. शिवऱ्याच्या मंगल कार्यालयाबाहेर वऱ्हाडाच्या गाड्या दाटीवाटीने लागल्या होत्या. फक्त गेटजवळची एक लांबलचक जागा मोकळी होती. चारही बाजूंनी खुर्च्या मांडून त्यांना सुतळी बांधलेली. केटररचा टेम्पोसुद्धा तिथून हलवून मागच्या शेतात नेला होता.

"कसला कंटेनर?" मी म्हणालो.

"आता कसला म्हंजी? फोनवर तुमीच म्हणला नव्हं, सनई कंटेनरवर व्हणार म्हून? सकाळपास्नं जागा धरून बसलोय. आमचं दाजी तकडं रस्त्यावर गाडी लावून रुसून बसल्यात."

बाळासाहेब म्हणजे नवरीचे वडील. माझ्या मागे रज्जाकभाई उतरले. तोंडाला गमछा बांधलेला, काखेत सनईची पिशवी. त्यांच्यामागे त्यांचा मेव्हणा दिलावर संबळ घेऊन. बाळासाहेबांनी आमच्या तिघांमागे आणखी काही येतंय का ते पाहिलं. काही आलं नाही.

मी खिशातून वस्तू काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "कंटेनर नाही हो. सस्टेनर."

त्यांनी ती उलटीपालटी केली. "ह्यो?"

"हो."

"ह्याच्यासाठी म्या टेम्पो हलवला?"

चूक माझीच. फोनवर त्यांनी विचारलं होतं, "मोठा हाय का?" मी म्हणालो होतो, "छोटासाच आहे." त्यावर ते म्हणाले, "मग बसंल." हायवेवरच्या गावात दिवसभर कंटेनरच जातात. तिथल्या माणसाला सस्टेनर ऐकू येईल ही अपेक्षाच चूक.

आता थोडं मागे जातो.

मी भोरला राहतो. लग्नं, हळदी, गणपती, वाढदिवस, जिथे बोलावतील तिथे गिटार वाजवतो. तरुणपणी गिटार छातीशी असायची. आता ती पोटावर विसावते. बायकोच्या मते त्यामुळे पट्ट्याची गरज उरलेली नाही. 

रज्जाकभाई आमच्या आळीच्या टोकाला राहतात. भोर-वेल्ह्यात त्यांची सनई माहीत नाही असं गाव नसेल. त्यांच्या धंद्यात एक शब्द आहे, 'घर'. गिऱ्हाईक आज येतं, उद्या जातं. घर म्हणजे ज्या कुटुंबात आजोबांच्या लग्नात तुमच्या आजोबांनी वाजवलं, तिथे नातवंडांच्या लग्नात तुम्ही वाजवायचं. बोलावणं येत नाही, नुसती तारीख कळवतात. शिवऱ्याचं हे घर रज्जाकभाईंचं. त्यातल्या आबांच्या, म्हणजे बाळासाहेबांच्या वडिलांच्या लग्नात रज्जाकभाईंच्या वडिलांनी सनई वाजवली होती.

लग्न तोंडावर आलं आणि रज्जाकभाईंच्या तोंडावरून वारं गेलं. सकाळी चहा प्यायला बसले तर निम्मा चहा हनुवटीवरून खाली. डावा डोळा मिटेना, ओठ एका बाजूला ओढलेले. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, गोळ्या घ्या, बऱ्याच जणांचं काही महिन्यांत ठीक होतं. डॉक्टरांचं खरं होतं. पण सनईला ओठांची घट्ट मूठ लागते. ती एका बाजूने उघडीच राहिली तर नुसती हवा.

मी बघायला गेलो तर खाटेवर बसून होते.

"सुनील, दुसरा सनईवाला धाडला तर?" मीच म्हणायच्या आधी ते म्हणाले. त्यांचा प आणि ब निसटत होता, म्हणून त्या अक्षरांना ते जरा वळसा घालून जायचे. "लग्नाची दाट तीथ हाय. कोण मोकळा न्हाई. आन् असला तरी घर त्याचं व्हतं. मग नंतर ते मागायचं कुठल्या तोंडानं? ह्या असल्या?"

त्यांचं त्यांनाच हसू आलं. ते वाकडं आलं. मला हसावं की नाही कळेना.

दुसरी बाजूही होती. नवरीचा भाऊ ओंकार. त्याला डीजे हवा होता. डीजेचा टेम्पो वरातीसाठी ठरलेलाच होता. त्याचं म्हणणं, मग सकाळीच लावा की. पण आबांनी सांगून ठेवलं होतं, सनई हातातोंडाने वाजली पाहिजे, रेकॉर्ड लावलेली दिसली तर अक्षता टाकायला उभा राहणार नाही. बाळासाहेबांनी मधला मार्ग काढला. सनई झाली आणि आबांना पटली तर ठीक, पुढच्या कार्यालाही रज्जाकभाईच. नाही पटली तर या वेळी डीजे, आणि पुढचं पुढे. धाकटी मुलगी होतीच लग्नाची. 'पुढचं पुढे' म्हणजे काय ते रज्जाकभाईंना कळत होतं.

"एसटीत रुमाल टाकत्यात न्हवं," ते म्हणाले, "तसा ह्या टायमाला तू माज्या जागेवर रुमाल टाक. म्या नीट झालो की येऊन टेकतो."

रुमाल म्हणून माझ्याकडे एकच वस्तू होती. तो सस्टेनर.

गिटारची अडचण अशी की तार छेडली की सूर येतो आणि लगेच विझायला लागतो. सनईचा सूर फुंक आहे तोवर टिकतो. सस्टेनर साबणाच्या वडीएवढा असतो. आत चौकोनी बॅटरी, पुढे निळा दिवा. तो दोन बाजूंच्या तारांवर रुळावर ठेवल्यासारखा टेकवायचा. मधल्या तारेला तो शिवत नाही. चुंबकाच्या जोरावर ती तार आपली आपण थरथरत राहते. बॅटरी आहे तोवर सूर आहे. एका वेळी एकच तार वाजते, पण सनईलाही एका वेळी एकच सूर लागतो. 

मी तो हौसेने घेतला होता. घरी पहिल्यांदा वाजवला तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातून येऊन पाहिलं. मी वस्तू तारेवर पुढे-मागे सरकवत होतो.

"आता गिटारलाही इस्त्री करता?" ती म्हणाली. "शर्टाला केली असती तर चार लोकांत दिसलं तरी असतं."

तेव्हापासून घरात त्याचं नाव इस्त्री. नंतर ती शोकेसच्या खणात पडून होती.

रज्जाकभाईंच्या घरी आम्ही तालमी केल्या. सनईचा आवाज नाकातला. म्हणून अँपवर मधली पट्टी वाढवली, तीक्ष्णपणा कमी केला. सनई एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाते, तसं बोट तारेवरून न उचलता सरकवायचं. इस्त्री जरा उशिरा जागी होते. तार थरथरायला लागेपर्यंत क्षणभर जातो, म्हणून जिथे सूर एकदम हवा तिथे अंगठ्याने तार हळूच टिचकवायची. रज्जाकभाई डोळा मिटून ऐकायचे. एकच, कारण दुसरा मिटत नव्हता.

"सनई न्हाई," शेवटी ते म्हणाले. "सनईची मावशी हाय. चालंल."

तर असे आम्ही शिवऱ्याला पोचलो. दाजींना गेटजवळची जागा देऊन त्यांचा रुसवा काढण्यात आला. व्यासपीठाच्या कडेला गादी घातली होती. मी अँपजवळ बसलो. माझ्या पुढे रज्जाकभाई, फेटा बांधून, तोंडावर गमछा तसाच, सनई मांडीवर ठेवून. वाजवणार नव्हते, पण घर त्यांचं होतं. शेजारी दिलावर. समोर पहिल्या रांगेत आबा. पांढरा सदरा, हातात काठी. दिसायचं कमी, ऐकू यायचं त्याहून कमी. घरातले म्हणाले, त्यांना बोललेलं कळत नाही, पण सनईसारखा वरचा आवाज बरोबर पोचतो.

मी भूप सुरू केला. सूर लागला. दिलावरने संबळ धरला. दोन-चार माना वळल्या. मला वाटलं, जमलं.

"मोबाईलवर लावलंय," नवरीची आत्या मोठ्याने म्हणाली. "ती बघा हातात. निळी लाईट लागलीया."

ओंकार लगेच आला. "काका, रेकॉर्डच लावायची तर आमचं स्पीकर मोठं हायत की."

बोललो असतो तर सूर चुकला असता. इस्त्री उचलली. आवाज गेला. पुन्हा टेकवली. आवाज आला. बोट सरकवलं, सूर चढला. ओंकार वाकून बघत राहिला.

"हात लावू?" तो म्हणाला.

"नंतर."

"आयला," तो म्हणाला आणि आत्याकडे वळला. "आत्ये, मोबाईल न्हाई. इस्त्रीवानी कायतरी हाय. गिटारवर फिरिवत्यात." बायकोने ठेवलेलं नाव त्याने स्वतःहून शोधलं. संपूर्ण मांडवात ते पसरायला फार वेळ लागला नाही. स्वयंपाकाकडून एका बाईने विचारलंही, "इस्त्रीवाले काका च्या घेत्यात का?"

एवढं निभावलं. खरी अडचण पुढेच होती. आबा अस्वस्थ होते. खुर्चीत पुढे सरकले, मागे सरकले. मी एक लांब सूर धरला होता. मला तो फार आवडला होता, म्हणून मी सोडत नव्हतो. यंत्र विकत घेतल्याचं सार्थक झाल्यासारखं वाटत होतं. आबांनी काठी आपटली.

"आरं दम घे! दम घे रं बाबा! जीव जाईल तुजा!"

ते रज्जाकभाईंकडे बघून ओरडत होते.

मांडव हसला. बाळासाहेब हसले नाहीत. ते धावत आबांकडे गेले. ओंकारने डीजेच्या टेम्पोकडे पाहिलं. आबा म्हणत होते, "आसं कुनी वाजिवतं व्हय? मानूस हाय का कोन हाय त्यो?"

सगळी तालीम सूर टिकवण्याची झाली होती. तो सोडायचा असतो हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. रज्जाकभाईंच्या खोलीत आम्ही तुकड्यातुकड्याने वाजवलं होतं. तिथे दर तुकड्यानंतर थांबून चहा होत होता. 

तेवढ्यात माझं लक्ष रज्जाकभाईंच्या पाठीकडे गेलं. ते पुढे बसून मनात तीच धून वाजवत होते. आयुष्याची सवय. ओळ संपली की त्यांचे खांदे वर जायचे, छाती भरायची, मग खाली. मी तेवढंच धरलं. त्यांचे खांदे वर गेले की इस्त्री वर. खाली आले की इस्त्री खाली. मध्ये एवढीशी फट. त्या फटीने सनईची मावशी सनईच्या बरीच जवळ सरकली.

एकदा रज्जाकभाईंना खोकला आला. मीही सूर तोडला. ते बरोबरच दिसलं.

आबा खुर्चीत मागे टेकले. काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. थोड्या वेळाने त्यांचं बोट काठीवर संबळाचा ठेका धरायला लागलं. बाळासाहेबांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी नजर पाठीवरून हलवली नाही.

मंगलाष्टकं झाली. शेवटच्या 'सावधान'ला वाजंत्री तत्काळ वाजली पाहिजे, आणि इस्त्री उशिरा उठते. मी अंगठा तारेवर ठेवूनच बसलो होतो. 'धा'ला अंगठा, 'न'ला इस्त्री. सूर वेळेवर उठला. आबा उभे राहिले. अक्षता टाकल्या. त्यातल्या निम्म्या आत्याच्या अंबाड्यात गेल्या, पण टाकल्या.

मग ते नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आमच्या गादीपाशी आले. थेट रज्जाकभाईंकडे.

"पोरा, मधी जरा घाबरिवलंस. पर दम तुज्या बापासारखा हाय."

रज्जाकभाई उठले. गमछा खाली करून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "आबा, म्या न्हाई वाजिवलं. ह्यो सुनील, ह्यानं वाजिवलं. माज्या तोंडावरनं वारं गेलंय."

"वारं? व्हय, वारं सुटलंय. पाऊस न्हाई यायचा."

"आबा, वाजिवलं त्यो ह्यो!" रज्जाकभाई ओरडले. घाईत त्यांचे ब आणि व दोन्ही निसटले.

"बोलू नगंस. फुकून फुकून तोंड दुखत आसंल." आबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मग बाळासाहेबांकडे वळले. "धाकटीलाबी ह्योच. दुसरं कोन बोलिवलं तर म्या येनार न्हाई."

बाळासाहेबांनी नंतर दोनदा खरं काय ते सांगून पाहिलं. आबांनी दोन्ही वेळा "जेवलो" असं उत्तर दिलं.

धाकटीचं लग्न मार्गासनीला झालं. तोपर्यंत रज्जाकभाईंचं तोंड जाग्यावर आलं होतं. अगदी दमले की डावा ओठ किंचित उतरतो, एवढंच. सनई त्यांनीच वाजवली. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. गिटार घरी, इस्त्री शोकेसमध्ये. मांडवाच्या कडेला बसून ऐकत होतो. ते दम घेत होते तिथे माझाही हात आपोआप वर जात होता. शेजारी बसलेल्या बायकोने दोन वेळा विचारलं, कुणाला बोलावताय?

आबांना नमस्कार करायला गेलो. ओंकारने त्यांच्या कानाला तोंड लावून ओळख करून दिली, "आबा, हे ताईच्या लग्नातलं इस्त्रीवालं काका!"

आबांचा चेहरा उजळला. त्यांनी शेजारच्या पिशवीत हात घातला आणि एक चुरगळलेला सदरा काढून माझ्या हातात दिला.

"बरा आलास. अक्षतंच्या आदी करून आन."

मी ओंकारकडे पाहिलं. तो मांडवाच्या खांबाकडे तोंड करून उभा होता. खांदे हलत होते. तिकडे रज्जाकभाईंनी सनई वाजवता वाजवता सगळं पाहिलं होतं. मध्येच एक सूर तुटला. तो दम घेण्यासाठी तुटला नव्हता.

मांडवाशेजारच्या घरात इस्त्री मिळाली. खरी. सदरा करून आणला. आबांनी तो बोटांनी चाचपला.

"कॉलर ऱ्हायली," ते म्हणाले.

नवीन यंत्राला लोकांना कळेल असं सोपं नाव द्यावं, असं आमच्या धंद्यात म्हणतात. द्यावं. फार सोपं देऊ नये.