कोर्स बघायला गेलेल्या बायका

बी.ए. झाल्यावर सहा महिने मी घरात जे करत होते त्याला आई लोळणं म्हणायची आणि मी विचार. त्या विचारातूनच एक दिवस मोबाईलवर मेडिकल ऑफिसच्या सर्टिफिकेट कोर्सची जाहिरात निघाली. मी कोल्हारहून अर्ध्या तिकिटात नगर आणि तिथून रिक्षाने केडगावचं त्यांचं ऑफिस गाठलं. एसीच्या गारव्यात कोट घातलेल्या एका ताईने मला मॅडम म्हटलं. जन्मात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं की माणूस किती मऊ होतं, ते मला तेव्हा कळलं. फी अठ्ठेचाळीस हजार, मुदत एक वर्ष आणि पुढे हॉस्पिटलात पगार अठरा ते वीस हजार. तीन महिन्यांत फी वसूल, हे तिने कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. परतीच्या एस.टी.त राहुरी येईपर्यंत मी पहिल्या सहा महिन्यांचा पगार खर्चूनही टाकला होता.

वडिलांनी सगळं ऐकून आईकडे बोट दाखवलं. आमच्या घरात मोठी रक्कम म्हणजे आईचा बचत गट. अकरा बायका, महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी समाजमंदिरात बैठक, व्याज शेकडा दोन. मोठं कर्ज एका वेळी एकीलाच मिळायचं, नंबराने. आईचा नंबर दोन वर्षं पहिलाच होता, पण पाळी आली की ती दुसऱ्याच कुणाला तरी पुढे जाऊ द्यायची. तिला कर्जाची भीती वाटते, अशी माझी पक्की समजूत होती. माझ्या फीला मात्र तिने एका शब्दात हो म्हटलं.

गटाची एक रीत होती. कुणी म्हशीसाठी कर्ज मागितलं की दोघीजणी म्हैस बघायला जाणार, दोन्ही वेळची धार समोर काढायला लावणार, दूध मापून घेणार आणि मगच सह्या. अध्यक्ष काकूंनी माझा अर्ज ऐकला आणि जिन्नस बघितल्याशिवाय गटातून पैसा सुटत नाही, कोर्सही बघावा लागेल, असं सांगून टाकलं. कोर्स ही बघायची वस्तू नसते, असं मी समजावलं.

‘‘मग दूध कुठं देतो त्यो?’’ काकूंनी विचारलं.

हॉस्पिटलात, असं मी चिडून म्हणाले आणि तिथेच फसले.

त्या महिन्यात चौघीजणी चार हॉस्पिटलांत गेल्या. काउंटरवरच्या मुलीला उठून पगार विचारणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी शक्कल लढवली: पेशंट होऊन जायचं. साहजिकच चौघींचे केस पेपर निघाले. एकीच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला, एकीला ताकदीच्या गोळ्या मिळाल्या आणि अध्यक्ष काकूंना खरोखरच बीपी निघालं. ते बीपी माझ्या कोर्समुळे लागलं असं त्या गावभर सांगत होत्या. मी घराबाहेर पडले की लोक काकूंच्या तब्येतीची चौकशी माझ्याकडे करायचे.

पण बायकांनी माहिती आणली ती बावनकशी. पहिल्या हॉस्पिटलात काउंटरवर सहा हजार, दुसऱ्यात साडेसात. तिसरीकडच्या मुलीने असाच कोर्स केला होता, तिला आठ हजार होते आणि फीचे हप्ते अजून चालू होते. शिर्डी रस्त्यावरच्या मोठ्या हॉस्पिटलात मात्र विम्याच्या फायली बघणाऱ्या मुलीला चौदा हजार होते. तिने कोर्स केलाच नव्हता. काउंटरवर लागली आणि फायली बघता बघता शिकली.

बैठकीत गटाच्या सचिव बाईंनी, म्हणजे चर्चमागे राहणाऱ्या, अर्ध्या गावाला शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिकेने, एका केस पेपरच्या पाठीमागे हिशेब मांडला. पगार आठ हजार. जाण्यायेण्याचे आणि डब्याचे दीड हजार. हप्ता दोन हजार, पहिल्या महिन्याचं व्याज नऊशे साठ. राहिले साडेतीन हजार. शिवाय हप्ता लगेच सुरू आणि मी वर्षभर शिकतच असणार, तर तोवर तो भरणार कोण, असं बाईंनी विचारलं. सगळ्यांनी आईकडे बघितलं.

‘‘भरीन की,’’ आई म्हणाली. ‘‘कांदे लागवडीला जाईन.’’

मला भयंकर राग आला. राग हिशेबाचा होता, कारण तो बरोबर होता. मी तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला म्हशीतलं कळतं, शिक्षणातलं काय कळणार, असंही म्हणाले.

‘‘म्हशीला आमी कधी इचारलं न्हाई तिला काय पायजे ते,’’ काकू शांतपणे म्हणाल्या. ‘‘तुला इचारतोय. घे म्हनशील तर आत्ता देतो.’’

आणि खरंच, त्यांनी कर्ज मंजूर केलं. इतकी चिरफाड करून झाल्यावर नऊ जणींनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले आणि बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांनी भरायचा, हा गटाचा नियम. मला ते अंगठे दिसत होते. मला कोर्स हवा होता की तो कोट आणि ते मॅडम, हे मी स्वतःला पहिल्यांदाच विचारलं, आणि लाज वाटली. मी पेन खाली ठेवलं. शिर्डी रस्त्याच्या हॉस्पिटलात काउंटरवर लागते, म्हणाले. बायकांनी मान डोलावली.

घरी जाताना मला वाटत होतं की आई खूश असेल. तिचा नंबर मी तिला परत दिला होता. मीच म्हणाले, आता तू घे कर्ज, तुला काय हवं ते कर.

‘‘मला काय करायचंय?’’ ती म्हणाली. ‘‘दोन वर्सं तुझ्यासाठीच नंबर धरून बसले हुते. कवा काय शिकावंसं वाटंल म्हनून.’’



त्या हॉस्पिटलात मी सहा हजारांवर लागले. आता विम्याच्या फायली माझ्याकडे असतात आणि बारा हजार मिळतात. फायलींचं काम नीट शिकायचं तर एक चांगला कोर्स पुण्यात आहे, असं मी मध्ये एकदा जेवताना सहज बोलून गेले. गेल्या रविवारी गटातून पुन्हा मोठं कर्ज सुटायचं होतं. आईचा नंबर पहिला होता, आणि या वेळी तिने कुणालाच पुढे जाऊ दिलं नाही.