माझी झालीय तपासणी

पन्नाशीतली मी लई थापाडी होते. गळ्यात ओळखपत्र अडकवलं की मला वाटायचं, आपण अर्ध्या डॉक्टर झालो. काम काय, तर बिडकीनच्या आसपासच्या गावांत घरोघर हिंडायचं आणि बायांना तपासणीला आणायचं. गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर होण्याआधीच त्याची चाहूल ओळखता येते, यावर संभाजीनगरच्या आमच्या डॉक्टरबाईंचं संशोधन चालायचं. त्या तपासायच्या, लिहायच्या. मी बाया गोळा करायचे.

बाया यायच्या नाहीत. कुणाची कापसाची वेचणी, कुणाची सासू, आणि लाज तर सगळ्यांनाच. मग मी चहा पिता पिता हळूच सांगायचे, "अगं, माझी झालीय तपासणी. कळतसुदिक नाय. तिथून आले आन् भाकरी थापायला बसले." एवढ्यावर बाई विरघळायची.

माझी तपासणी झालेली नव्हती. डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा, पुण्याला लेकीकडं गेले होते, तिथंच उरकली, असं सांगून मोकळी झाले होते. लेकीला यातलं काही ठाऊक नाही. गावभर लाज सोडा म्हणून सांगत फिरणाऱ्या या बाईला ते टेबल नुसतं पाहिलं तरी घाम फुटायचा.

डॉक्टरबाईंचे लेख छापून यायचे. त्यातला एक नेमका यावरच होता, की बाई तपासणीला कशामुळं येते. पत्रकं वाटली, भोंगा फिरवला, भाषणं दिली. पण घरी येणारी बाई स्वतःचा अनुभव सांगते तेव्हा ऐकणारी सगळ्यात जास्त तयार होते, असं त्यात लिहिलं होतं. दुसऱ्या राज्यांतल्या संशोधकांनी त्या लेखाचा हवाला दिला. कुठं कुठं तशी पद्धतच सुरू झाली. आधी कार्यकर्तीची तपासणी, मग तिनं गावाला सांगायचं. डॉक्टरबाईंनी पेढे वाटले आणि म्हणाल्या, मावशी, हे तुमच्यामुळं. मी नातीसाठी म्हणून आणखी एक पेढा मागून घेतला आणि जिना उतरता उतरता खाऊन टाकला.

त्यानंतरच्या शिबिरात बिडकीनची एक सून आली. तिला पाळी नसतानाही अंगावरून जायचं. नवऱ्याला नाही, सासूला नाही, ते तिनं फक्त मला सांगितलं होतं. माझ्या शब्दावर ती टेबलावर चढली, नर्सच्या हातातलं लोखंडी अवजार पाहिलं आणि उठून बाहेर आली. पायरीवर चपला घालताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "मावशी, तुमची कधी झालीच नाय. झाली असती तर त्या लोखंडाचं सांगितलं असतं तुम्ही. मी तयारीनं आले असते."

पुढं दोनदा तिच्या घरी गेले. घरात असून तिनं सासूकरवी नाही म्हणून सांगितलं. मला तिचं अंगावरून जाणं दिवसरात्र दिसायला लागलं. तोवर माझी थाप मला गंमत वाटायची.

एका शिबिराहून परतताना जीपमध्ये डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "लेखात चूक आहे, हे मी छापणाऱ्यांना कळवीन. ते माझं काम. त्या मुलीला परत आणणं तुमचं."

आपल्या मोठ्या लेखाखाली त्यांना चुकीची कबुली द्यावी लागणार होती, आणि ती माझ्या तोंडामुळं. पेढे मात्र मी दोन खाल्ले होते.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा सून अंगणात कपडे वाळत घालत होती. तिला पळायला जागा नव्हती. मी म्हटलं, "व्हय, खोटं बोलले. भेते मी त्या टेबलाला."

तिनं हातातला कपडा झटकून दोरीवर टाकला. मग म्हणाली, "आता चढा की मग. मी बघते."

पुढच्या शिबिरात ती पडद्याच्या आत माझ्या उशाशी उभी राहिली. अवजार गार होतं. छताकडं बघत पडले असताना एक गोष्ट ध्यानात आली आणि कान तापले. माझ्या शब्दावर जेवढ्या बाया इथं आडव्या झाल्या, त्या प्रत्येकीला माझी थाप तेव्हाच कळली असणार. बाहेर येऊन माझ्याकडं बघून हसायच्या त्या. मी ते कौतुक समजायचे.

माझ्यानंतर ती चढली. तिच्यात खराबी निघाली, पण कॅन्सर व्हायच्या आधीची. इलाज झाला. लोक म्हणतात, वाचवलीस की गं तिला. घालवली असती कुणी, ते मला माहीत आहे.

अजून मी शिबिरांना जाते. नवीन बायांना सगळं सांगते. गार लागतं, लाज वाटते, लोखंड दिसतं, थोडं दुखल्यासारखं होतं, आणि मी स्वतः कितीतरी वर्षं टाळलं. परवा एवढं ऐकून एक जण बाकावरून उठली आणि फाटकाकडं चालायला लागली. खरं बोलल्यावर असंही होतं. मी चपला पायात सरकवल्या आणि तिच्या मागं निघाले.