मैदानाकडे पाठ

अमरावतीच्या त्या फुटबॉलच्या मैदानावर ती बाई दर रविवारी पाठमोरी बसायची. आम्ही बाकीचे आईबाप रेषेवर उभे राहून पोरींवर ओरडायचो, आणि मधल्या सुट्टीत हा क्लब बरा की अकोल्याचा, यावर भांडायचो. ती मात्र चांदूर बाजारहून पहिल्या एसटीनं येऊन, मैदानाकडे पाठ करून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसायची.

माझ्या लेकीच्या बुटांसाठी मी नागपूर गाठलं होतं. त्या बाईची पोरगी भावाचे जुने बूट घालून गोल करायची, आणि दोन्ही क्लबांचे कोच तिच्याच मागे! मी इतकी जळायचे, की त्या बाईचं नावसुद्धा कधी विचारलं नाही.

एकदा मात्र राहवलं नाही. म्हटलं, "अवो, पोरगी एवढी खेळून राहिली, अन् तुमी पायतबी नाई? काहून?"

हातातली शेंग न सोडता ती म्हणाली, "मी पायलं तं पोरगी मायाकडेच पायते, बाई. मंग बॉलकडे कोन पाहीन?"

मोठी शहाणी! मी तणतणत मैदानाकडे वळले. बॉल माझ्या लेकीच्या पायाशी आला होता, आणि ती माझ्याकडे पाहत होती.