स्टुलावर टाकलेली माळ

मिरासदाराच्या मागल्या दारी अप्पा उभे असायचे. वरच्या जातीसमोर आमच्या माणसाने खांद्यावर पंचा ठेवायचा नाही, म्हणून तो काढून कमरेला बांधलेला, हात छातीशी. आतून कुणीतरी विचारायचं, "मोटवाला आला काय?" मग गडी साळीची टोपली घेऊन यायचा. आई पदर पसरायची. तो पदरात ओतायचा नाही. लांबून भुईवर ओतायचा. मग आई खाली बसून मातीतून दाणे वेचायची, आणि तिच्या शेजारी मी.

सुंदरपेरुमाळ कोयिल गावातल्या मिरासदाराच्या पानमळ्याला पाणी मिळायचं ते अप्पांनी शिवलेल्या चामड्याच्या मोटेतून. पाणी चालायचं. पानं देवाला चालायची. आम्ही चालायचो नाही.

आमचा आजा तंजावरच्या राजाच्या पागेत खोगिरं शिवायचा. इंग्रजांनी राज्य खालसा केलं, घोडे विकले, पागा ओस पडली. घरात मराठी तेवढी उरली, दाराबाहेर तमिळ. अप्पा मोटा शिवायला लागले. कुणाची मोट फाटली की आमची चूल पेटायची. दुसऱ्याचं काही फाटावं म्हणून वाट बघत बसणारं घर. आम्हांला तसं ठेवणाऱ्यांना कधी लाज वाटलेली मी पाहिली नाही.

मी शिकलो. आधी मिशनच्या शाळेत, मग कावेरीपलीकडच्या कॉलेजात. तिथे माझा बाक वेगळा. पाण्याच्या मडक्याला हात लावायचा नाही. शिपायाने वरून ओतायचं, मी ओंजळ धरायची. शिपाई जेवायला गेला की तहान तशीच. सोसलं. कारण माझी फी रावसाहेब भरत. रावसाहेब म्हणजे गावातले मोठे वकील. राजाच्या वेळी इकडे आलेल्या मराठी ब्राह्मण घराण्यातले, सुधारक म्हणून नाव असलेले. मी त्यांच्या अंगणात उन्हात उभा राहायचो, ते ओसरीवरून बोलायचे, "तूं आमच्या राज्याचा माणूस रे. तुजला शिकविणें आमचें कर्तव्यच." ओसरीवर ये, असं कधी म्हणाले नाहीत.

शेवटच्या वर्षी कॉलेजच्या वादसभेने व्याख्यान ठेवलं. विषय होता, खालच्या जातींचा उद्धार. वक्ते रावसाहेब, अध्यक्ष इंग्रज प्रिन्सिपॉल. चिटणीस त्याच मिरासदाराचा मुलगा, माझ्याच वर्गातला. तो मला व्हरांड्यात गाठून, धाकट्या भावाला हाक मारावी तसा म्हणाला, "तंबी, या खेपेला तू वर बसायचंस. शेवटी आभार मान. दोन वाक्यं पुरे. रडता आलं तर फारच छान." त्याचे मित्र खो खो हसले.

मी गेलो. शर्ट स्वतः धुतला होता. अप्पाही आले होते, पोरगा इंग्रजीत बोलणार म्हणून. त्यांना आत सोडलं नाही. खिडकीबाहेर उभे राहिले, पंचा कमरेला.

व्यासपीठावर पाहुण्यांना खुर्च्या. मला कोपऱ्यात स्टूल.

रावसाहेब तासभर बोलले. उत्तम इंग्रजी. सारखं माझ्याकडे हात करून म्हणायचे, "हा माझा बंधू!" मग म्हणाले, "याचा बाप कातडं शिवतो, आणि हा इंग्रजी काव्य वाचतो!" टाळ्या. सर्कशीतलं अस्वल दोन पायांवर उभं राहिलं की वाजतात, तशा.

मग हार. आमच्याकडे सभेच्या शेवटी पाहुण्याच्या गळ्यात माळ घालतात, हाताला चंदन लावतात. चिटणिसाने प्रिन्सिपॉलना माळ घातली, रावसाहेबांना घातली. तिसरी घेऊन माझ्याकडे आला. मी उभा राहिलो. मान वाकवली.

मान वाकलेलीच राहिली. तो हातभर दूर थांबला, आणि माझ्या मागच्या रिकाम्या स्टुलावर त्याने माळ टाकली.

"घालून घे."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्यालाही!

रावसाहेब खुर्चीतून वाकून दबक्या आवाजात बोलले, आमच्या घरातल्या मराठीत, माझ्या आईच्या भाषेत. "घाल रे लवकर. लोक बघताहेत. तुम्हां लोकांस ह्यांत नवें काय आहे?"

मी खिडकीकडे पाहिलं. अप्पा मानेने खुणावत होते. घे, घे. मला कळत होतं ते का खुणावताहेत. परीक्षा तोंडावर होती. फी रावसाहेबांच्या हातात होती. वाकलो असतो तर बी.ए. नक्की होतं.

मान वर केली. इंग्रजीत बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मला आभार मानायचे आहेत. पण माझे बंधू माळ घालायला विसरले. कुणीही येऊन घाला. मी थांबतो."

पंख्याची दोरी तेवढी करकरत होती. प्रिन्सिपॉलनी घड्याळ पाहिलं. चिटणीस स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. एवढं भरलेलं सभागृह, सगळे उद्धार करायला जमलेले. एकही उठला नाही.

"उद्धट!" रावसाहेब म्हणाले. "उद्यांपासून माझ्या दारीं येऊं नकोस."

"येणार नाही," मी मराठीतच म्हणालो. "तुमच्या अंगणात उभं राहून पाय दुखले माझे."

मधल्या वाटेने, पुढच्या दाराने बाहेर पडलो. मागे अप्पा धावत आले. "हें काय केलेंस रे? फुलंच होतीं ना तीं? परीक्षा घालविलीस!"

"अप्पा, पंचा खांद्यावर घ्या."

"हितें? वेड लागलें काय तुजला?"

घेतला नाही. मेलकावेरीतल्या आमच्या गल्लीपर्यंत माझ्या मागून बडबडत आले. माझा संताप होत होता. त्यांच्यावर नाही. माझ्या बापाच्या हाडात ही भीती ज्यांनी भरली, त्यांच्यावर.

फी बंद झाली. नाव कापलं गेलं. मी नाचियार्कोविल गावी पितळी समया ओतणाऱ्यांकडे कामाला लागलो. चिंच आणि विटकरीची पूड घेऊन दिवसभर पितळ घासायचं. बोटांना चिरा पडल्या, चिंचेने झोंबायच्या. रात्री पुस्तक धरवत नसे. तरी धरलं. वर्ष गेलं. मग माझी फी मी भरली, परीक्षेला बसलो, पास झालो.

आईने विचारलं, "आतां तरी तुजला आंत घेतील काय रे?"

"मी विचारणारच नाही, आई."

आता मला त्याच कॉलेजातून बोलावणी येतात. आमच्या दुःखावर बोला म्हणतात. मी सांगतो, आमच्या गल्लीत या. आमच्या पोरांच्या शेजारी चटईवर बसा, आमच्या मडक्यातलं पाणी प्या, मग बोलू. बरेच जण येत नाहीत. न येवोत. जे येतात ते आधी ऐकतात. आमची माणसं बोलतात, आमचाच माणूस अध्यक्ष असतो, आणि आभार आम्ही कुणाचेच मानत नाही.

मी बी.ए. आहे. माझ्या कमाईने झालेला. मेलकावेरीत आमच्याबद्दलची सभा आता आमच्या गल्लीत भरते, आणि पहिला शब्द आमचा असतो. तो आम्ही परत देणार नाही.